बंद कारखान्याखालील भूजल : बिछडीचा धडा आणि विस्तार कार्यकर्त्यांचे कर्तव्य

रासायनिक कारखाना बंद पडला की त्याचे प्रदूषणही संपले, असा समज ग्रामीण भागात सर्वत्र आढळतो. चिमणीतून धूर निघत नाही, नाल्यात रंगीत पाणी दिसत नाही, दुर्गंधी येत नाही. मग चिंता कशाची? भूजलाच्या बाबतीत मात्र हा समज चुकीचा ठरतो. कारखान्याच्या आवारात पुरलेला किंवा उघड्यावर टाकलेला गाळ पुढील प्रत्येक पावसाळ्यात थोडाथोडा विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली झिरपत राहतो. उत्पादन थांबल्यानंतर अनेक वर्षांनी एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीत त्याचा परिणाम दिसतो. त्या वेळी जबाबदार उद्योग अस्तित्वात नसतो आणि पिकाच्या नुकसानीचे कारण कीड, रोग किंवा बियाणे यांत शोधले जाते. प्रस्तुत लेखात राजस्थानातील बिछडी येथील प्रकरणाच्या आधारे ही प्रक्रिया समजावून दिली असून, असा संशय आल्यास शेतपातळीवर काय करावे याचे मार्गदर्शन केले आहे.

चाकसूचे पाणी : आधी मूळ स्थिती जाणून घ्या

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ४० किलोमीटरवर चाकसू तालुका आहे. बाजरी, भुईमूग, मोहरी व गहू ही येथील प्रमुख पिके असून रब्बीची मदार मुख्यतः विहिरी व नलिकाकूपांवर आहे. या भागातील भूजलात फ्लोराइड व क्षार यांचे प्रमाण अनेक ठिकाणी अधिक आढळते. हे फ्लोराइड कोणत्याही कारखान्यातून आलेले नाही. ते खडकांतील खनिजांमधून पाण्यात उतरते आणि सोडियम बायकार्बोनेटयुक्त, विम्लधर्मी पाण्यात अधिक विरघळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ती अनुज्ञेय आहे.

जयपूर आणि चाकसू यांच्या दरम्यान सांगानेर हे कापड छपाई व रंगाईचे जुने केंद्र आहे. तेथील रंगयुक्त सांडपाणी वाहून नेणारा अमानीशाह नाला, म्हणजेच द्रव्यवती नदी, पुढे ढूंढ नदीस मिळतो. म्हणजे एकाच प्रदेशात खडकातून येणारा नैसर्गिक दोष आणि उद्योगातून येणारा मानवनिर्मित दोष हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. विस्तार कार्यकर्त्याने हा भेद पहिल्यांदा लक्षात घ्यावा. नैसर्गिक दोष विस्तृत क्षेत्रात पसरलेला असतो आणि तो खडकाच्या व मातीच्या प्रकारानुसार बदलतो. औद्योगिक दोषाला उगम असतो, दिशा असते आणि आरंभाचा काळ असतो. ‘आमच्याकडचे पाणी पूर्वीपासूनच खारे आहे’ या एका वाक्याने औद्योगिक दोष झाकला जाण्याची शक्यता असते. म्हणूनच विहिरींच्या जुन्या तपासणी अहवालांना मोल आहे.

बिछडी : एका वर्षाचे उत्पादन, अनेक दशकांचा परिणाम

राजस्थानातच, उदयपूर शहराजवळ बिछडी हे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे हिंदुस्तान अ‍ॅग्रो केमिकल्स या कंपनीने ओलियम व सुपर फॉस्फेट यांचे उत्पादन सुरू केले. त्याच संकुलात सिल्व्हर केमिकल्स या उद्योगाने फेब्रुवारी १९८८ मध्ये एच-आम्लाचे उत्पादन सुरू केले. ज्योती केमिकल्स हा एच-आम्ल बनविणारा दुसरा घटकही तेथेच होता.

एच-आम्ल हे नॅफ्थॅलीनपासून तयार होणारे मध्यवर्ती रसायन आहे. कापड रंगविण्याच्या अनेक अ‍ॅझो रंगांचा तो कच्चा माल आहे. ते तयार करताना सल्फोनेशन, नायट्रेशन, लोहाच्या साहाय्याने अपचयन व चुन्याने उदासिनीकरण अशा पायऱ्या असतात. त्यामुळे लोहयुक्त गाळ, जिप्समयुक्त गाळ व अतिशय आम्लधर्मी, क्षारयुक्त सांडपाणी मोठ्या प्रमाणात निर्माण होते. बिछडी येथे सुमारे ३७५ टन एच-आम्ल तयार झाले आणि त्यापासून २,४०० टनांहून अधिक विषारी गाळ व सुमारे ८,२५० घनमीटर सांडपाणी निर्माण झाले. म्हणजे प्रत्येक टन उत्पादनामागे सहा टनांहून अधिक गाळ! सांडपाणी प्रक्रियेविना सोडण्यात आले आणि गाळ संकुलात व आजूबाजूला उघड्यावर टाकण्यात आला.

जानेवारी १९८९ पासून एच-आम्लाचे उत्पादन थांबले. म्हणजे एकूण उत्पादन जेमतेम वर्षभर चालले. मात्र तोपर्यंत परिसरातील विहिरींचे पाणी गडद व मळकट झाले होते. ते माणसांना व जनावरांना पिण्यायोग्य राहिले नाही, सिंचनासही अयोग्य ठरले आणि जमिनींची उत्पादनक्षमता घटली. ग्रामस्थांचा उद्रेक झाला व प्रशासनास जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले. ऑगस्ट १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. न्यायालयाच्या आदेशानुसार गाळ सुरक्षितरीत्या बंदिस्त करावयाचा होता. प्रत्यक्षात सुमारे ७२० टन गाळच तसा साठविला गेला; उर्वरित गाळ जागोजागी पसरून त्यावर माती लोटण्यात आली होती.

पुढे नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, न्यायालयाच्या निर्देशानुसार परिसराचा अभ्यास केला. त्यात ३५० हेक्टर दूषित जमीन आणि संकुलाबाहेरील गाळ टाकण्याच्या सहा जागा नोंदविण्यात आल्या. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी व न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच शुद्धीकरणाचा व नुकसानभरपाईचा खर्च सोसावा, हे तत्त्व या निकालाने भारतीय कायद्यात ठामपणे मांडले. तरीही रक्कम वसूल होण्यास विलंब होत राहिला. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. एका वर्षाच्या उत्पादनाचा हिशेब बावीस वर्षांनंतरही पूर्ण झालेला नव्हता.

दूषित घटक जमिनीखाली का टिकून राहतात?

यामागील कारणे शेतकऱ्यांना समजावून सांगता यावीत, म्हणून ती थोडक्यात देत आहोत.

१. गाळ हा साठा असतो. वाहून जाणारे सांडपाणी एकदाच जाते; परंतु गाळाचा ढीग हा विरघळणाऱ्या क्षारांचा व सेंद्रिय रसायनांचा साठा आहे. मातीने झाकल्याने तो नजरेआड होतो, पाण्यापासून दूर होत नाही.

२. भूजल संथ वाहते. वाळूमिश्रित गाळाच्या थरात ते वर्षाला काही मीटर ते काही शे मीटर पुढे सरकते. त्यामुळे कारखान्यालगतची विहीर आज दूषित झाली, तर उताराकडील दूरची विहीर काही वर्षांनी होऊ शकते.

३. कठीण खडकात पाणी फटींतून वाहते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात दूषित पाणी सर्वत्र सारखे पसरत नाही. ते भेगा व सांधे यांच्या मार्गाने जाते. म्हणून शंभर फुटांवरील विहीर स्वच्छ आणि अर्ध्या किलोमीटरवरील विहीर दूषित, असेही घडू शकते. शेजारची विहीर चांगली असणे हा पुरावा नव्हे.

४. चिकणमाती व खडकाची सूक्ष्म छिद्रे रसायने धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. उपसा करून पाणी काही काळ स्वच्छ झाले, तरी उपसा थांबताच दोष पुन्हा वर येऊ शकतो.

कीटकनाशकांचे कारखानेही याला अपवाद नाहीत

कीटकशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे परका विषय म्हणून पाहू नये. भोपाळ येथील युनियन कार्बाइडचा कारखाना कार्बारिल या कीटकनाशकाच्या उत्पादनासाठी उभारलेला होता. डिसेंबर १९८४ मधील वायुदुर्घटना सर्वांस माहीत आहे. तथापि, कारखाना बंद पडल्यानंतर तेथील माती व भूजल यांच्या प्रदूषणाचा प्रश्न स्वतंत्रपणे पुढे आला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचे निर्देश द्यावे लागले. आवारात साठविलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूर येथे हलविण्यात आला व त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत जाळण्यात आला. परंतु ‘नीरी’च्या २०१० च्या अहवालातील अंदाजानुसार तेथील दूषित माती सुमारे ११ लाख टन आहे. पोत्यांतील कचरा हलविणे आणि जमीन शुद्ध करणे या दोन कामांतील अंतर या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण एचसीएचचे. आपल्या मागील पिढीतील शेतकऱ्यांना ते बीएचसी पावडर म्हणून परिचित होते. त्यातील कीटकनाशक गुणधर्म प्रामुख्याने लिंडेन या एकाच घटकात असतो. एक टन शुद्ध लिंडेन वेगळे काढताना इतर समघटकांचा सुमारे आठ ते बारा टन टाकाऊ साठा उरतो आणि त्यातील बीटा समघटक अतिशय चिवट असतो. भारतात एचसीएचवर १९९७ मध्ये बंदी आली. परंतु बंदीने जुने साठे नाहीसे होत नाहीत.

शेतातील लक्षणे : कीड की पाणी?

दूषित पाण्याची पहिली तक्रार बहुधा ‘पिकावर काहीतरी पडले आहे’ अशा शब्दांत येते. भेंडी व कापूस पिकांत पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या की तुडतुडे समजून फवारणी केली जाते. मिरचीची पाने आकसली की फुलकिडे किंवा कोळी यांचा संशय घेतला जातो. पाणीच सदोष असेल तर फवारणीचा उपयोग होत नाही, खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि खरे कारण आणखी एक हंगाम दडून राहते. म्हणून फवारणीची शिफारस करण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

• कीड प्रत्यक्ष आहे का? पानाची खालची बाजू भिंगातून पाहावी. कापसावर प्रति पान दोन ते तीन तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी आहे. कीड किंवा तिची कात आढळत नसेल तर फवारणी टाळावी.

• कोणती पाने आधी करपली? क्षारांच्या इजेत जुन्या, खालच्या पानांच्या कडा व टोके प्रथम करपतात. फुलकिडे व कोळी यांचा उपद्रव बहुधा कोवळ्या शेंड्याकडे अधिक दिसतो.

• नुकसानीचा नकाशा कसा आहे? किडीचा प्रादुर्भाव अनेकदा बांधाकडून किंवा ठिपक्याठिपक्यांनी सुरू होतो. पाण्याचा दोष पाटाच्या, सरीच्या किंवा ठिबकच्या रेषेने चालतो आणि एकाच विहिरीवरील निरनिराळ्या पिकांत एकाच वेळी दिसतो.

• पावसानंतर काय होते? चांगला पाऊस पडून नव्या पानांत सुधारणा दिसली आणि विहिरीचे पाणी देताच लक्षणे परतली, तर पाण्याचा संशय बळावतो.

शेतकऱ्यास स्वतः करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. मूग किंवा मोहरीचे प्रत्येकी शंभर दाणे घेऊन, काही ताटल्यांत साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर व काही ताटल्यांत संशयित विहिरीच्या पाण्यावर उगवण्यास ठेवावेत. प्रत्येक पाण्याच्या किमान तीन ताटल्या असाव्यात. पाच ते सात दिवसांनी उगवण व मुळांची लांबी मोजावी. स्पष्ट फरक दिसल्यास प्रयोगशाळेकडे जाण्यास ते पुरेसे कारण आहे. या चाचणीने रसायन कोणते हे कळत नाही. तसेच दाणे नीट उगवले म्हणून पाणी पिण्यास सुरक्षित आहे, असा अर्थ कधीही काढू नये.

फवारणीसाठी वापरलेल्या पाण्याचाही विचार आवश्यक आहे. कार्बारिलसारखी कार्बामेट व काही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके विम्लधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. सामू ९ च्या आसपास असल्यास कार्बारिलची निम्मी शक्ती काही तासांतच नाहीशी होते. ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीमागे प्रतिकारक्षम कीड नव्हे, तर टाकीतील पाणी असू शकते. सामूपट्टीने तपासणी करण्यास फारसा खर्च येत नाही.

नमुना कसा घ्यावा?

सदोष नमुन्याचा अहवाल हा चुकीच्या अहवालाइतकाच घातक असतो. पुढील क्रम पाळावा.

१. पंप किमान दहा ते पंधरा मिनिटे चालवून मगच नमुना घ्यावा. पाइपमधील साचलेले पाणी घेऊ नये.

२. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. कीटकनाशकाची किंवा शीतपेयाची रिकामी बाटली वापरू नये.

३. क्षार व सामू यांसाठी स्वच्छ प्लॅस्टिक बाटली चालते. सेंद्रिय रसायनांसाठी गडद रंगाची काचेची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि हवा न राहील अशी काठोकाठ भरावी. जड धातूंसाठीचा नमुना स्वतंत्र घ्यावा. त्यात आम्ल घालण्याचे काम प्रयोगशाळेच्या सूचनेनुसार करावे.

४. नमुना बर्फात ठेवून शक्यतो २४ तासांच्या आत पोहोचवावा.

५. केवळ बाधित विहिरीचा नमुना पुरेसा नाही. कारखान्याच्या चढाकडील एक, उताराकडील दोन-तीन व दूरची एक अशा विहिरींचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत. तुलनेशिवाय उगम सिद्ध होत नाही.

६. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा नमुने घ्यावेत.

७. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, दिनांक, वेळ, पाण्याचा रंग व वास यांची नोंद ठेवावी.

प्रयोगशाळेस ‘पाणी तपासा’ एवढेच सांगू नये. गावपातळीवरील तपासणी संचातून सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह अशा घटकांची माहिती मिळते. एच-आम्लासारखे रसायन किंवा कीटकनाशकाचे अवशेष त्यातून कळत नाहीत. पूर्वी तेथे कशाचे उत्पादन होत असे हे सांगितल्यास योग्य तपासणी निवडता येते. विद्युत वाहकता, सल्फेट व सामू यांत अचानक झालेला बदल हा मात्र स्वस्त व उपयुक्त पूर्वइशारा आहे. सिंचनासाठी वाहकता ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास बंधन नसते. ३ पेक्षा अधिक असल्यास पीक व जमीन यांची निवड काटेकोरपणे करावी लागते.

अहवाल येईपर्यंत काय करावे, काय टाळावे?

• संशयित पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व जनावरांसाठी तत्काळ थांबवावे. उकळल्याने जंतू मरतात. क्षार व रसायने जात नाहीत, उलट त्यांची तीव्रता वाढते.

• पालेभाज्या, मुळा, गाजर व हिरवा चारा यांना हे पाणी देऊ नये.

• बंद कारखान्याच्या आवारातील पांढरट किंवा तांबूस गाळ भरावासाठी, बांधासाठी किंवा ‘स्वस्त जिप्सम’ म्हणून उचलू नये. चोपण जमिनीसाठी जिप्सम उपयुक्त आहे, परंतु ते प्रमाणित स्रोताचेच असावे. बिछडीच्या गाळाचा एक भाग जिप्समयुक्तच होता, हे विसरू नये.

• लगेच अधिक खोल विंधन विहीर घेऊ नये. वरच्या दूषित थरातून केसिंग न बसविता खोदल्यास दूषित पाण्याला खालच्या स्वच्छ जलधरात जाण्याचा मार्ग मिळतो.

• पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून ते रोपवाटिका व फवारणीसाठी राखावे. संशयित क्षेत्रात विहीर पुनर्भरण मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नये. गाळातून झिरपणारे पाणी त्यामुळे विहिरीत येऊ शकते.

नोंद हाच शेतकऱ्याचा आधार

बिछडीच्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला तो केवळ दुःखाच्या वर्णनावर नव्हे. मोजमाप, नमुने व तज्ज्ञ अहवाल यांवर. आपल्या भागात असा प्रसंग उद्भवल्यास पहिला पुरावा गावाकडेच असला पाहिजे. विस्तार कार्यकर्त्याने प्रत्येक गावातील निवडक विहिरींची नोंदवही ठेवावी आणि बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यांची यादी त्यास जोडावी. संशय येताच ग्रामपंचायतीच्या ठरावासह राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय जुन्या पाणीपातळीच्या व गुणवत्तेच्या नोंदींसाठी साहाय्य करू शकते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार संशयित दूषित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी देणे अपेक्षित आहे. ही माहिती कार्यालयात बसून मिळणारी नाही. ती गावातून वर जावी लागते. महाराष्ट्रातील तारापूर औद्योगिक क्षेत्र २०१८ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात सर्वांत वर होते, हे लक्षात घेता हा विषय केवळ राजस्थानचा किंवा भोपाळचा नाही.

सारांश, जमिनीखालचे पाणी एकदा दूषित झाले की ते शुद्ध करण्याचा खर्च व काळ शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्याच्या आवाक्यात असलेली गोष्ट म्हणजे वेळेवर घेतलेला नमुना आणि जपून ठेवलेली नोंद. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील बंद रासायनिक कारखान्यांच्या उताराकडील किमान तीन विहिरींचा सामू व विद्युत वाहकता मोजून नोंदवहीत लिहावी. आज साधा वाटणारा हा आकडा दहा वर्षांनी एखाद्या गावाची बाजू मांडू शकेल.